रंगूबाईला बोलवू का?

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, एका इमारतीच्या तळमजल्यावर बालवर्गाची शाळा आहे. बाहेरच्या भिंतीवर ससे, फुलपाखरं आणि एक हसणारा सूर्य. या शाळेत रंगूबाई नावाची बाई कामाला आहे आणि तिला नुसतं दारात पाहून मुलं चड्डीत मुततात. शाळेत ही गोष्ट लपवून ठेवत नाहीत, कौतुकानं सांगतात.

रंगूबाई मूळची संगमेश्वरकडची. लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा दिसायला चांगली होती, असं तिची शेजारीण विमलाबाई अजून सांगते. नवरा हरिहर मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात होता. मुलगा संदेश रांगत होता त्या दिवसांत घरातला पंपाचा स्टोव्ह भडकला आणि रंगूबाईची डावी बाजू भाजली. गाल, मान, कानाची पाळी. डोळा वाचला, पण खालची पापणी ओढली गेली आणि आतली लाली कायमची बाहेर राहिली. ओठाचा कोपरा गालाकडे चढला, त्यामुळे ती गप्प बसलेली असली तरी दात विचकल्यासारखी दिसे. हॉस्पिटलातून घरी आल्यावर चाळीतल्या बायका बघायला आल्या. जाताना एक दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "स्टोव्हच होता ना गं? की घरच्यांनी?"

स्टोव्हच होता. पण खरं सांगितलं की लोकांचा विरस व्हायचा.

हरिहर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला कधी मारलं नाही, टाकलं नाही. फक्त जेवताना तो तिच्या उजव्या अंगाला बसायचा. ती चुकून दुसऱ्या बाजूला बसली तर काही न बोलता ताट उचलायचा आणि जागा बदलायचा. असा त्यानं संसार केला आणि एक दिवस कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. संदेश तेव्हा शाळेत होता. त्यानं आईला एकदाच सांगितलं, "पालकसभेला तू नको येऊस. तू आजारी असतेस असं सांगितलंय मी." ती बरं म्हणाली. पुढे ती त्याच्या शाळेच्या रस्त्यानंसुद्धा गेली नाही.

पोट भरायला तिनं धुणीभांडी धरली. तिथंही तोंड आड यायचं. एका घरी सुनेला दिवस गेले, तशी सासूबाईंनी तिला बाहेरच थांबवलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, रंगू. पण पोटुशीनं सकाळी सकाळी असं काही बघू नये. बाळाच्या तोंडावर जातं." पुढे ते बाळ झालं, छान गोरंगोमटं झालं, पण रंगूबाईला परत कुणी बोलावलं नाही.

मग विमलाबाईनं तिला शाळेत आणलं. विमलाबाई तिथं मावशी होती. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, नाकं पुसणं ही तिची कामं. मुख्याध्यापिका मंदाकिनी मॅडम. जुन्या वळणाच्या, शिकलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी रंगूबाईला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विमलाबाईशीच बोलल्या, जणू रंगूबाई ऐकत नव्हती.

"काम करेल, दिसतंय. पण मुलं लहान आहेत हो. घाबरतील. हिला सांगा, मुलं यायच्या आधी झाडलोट उरकायची आणि शाळा सुरू असताना मागच्या बाजूला राहायचं. पुढे यायचं नाही."

मागच्या बाजूला म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारी. तिथं एक मोडकं बाक होतं. वर्ग सुरू झाले की रंगूबाई त्या बाकावर बसायची आणि पोरांची गाणी ऐकायची. ती गाणी तिला हळूहळू पाठ झाली. अर्थ कळायचा नाही, इंग्रजी होती, पण चाल यायची.

त्या वर्षी ज्युनिअर केजीला कादंबरी टीचर नवीन आली होती. नुकताच कोर्स केलेली, कल्याणहून यायची. वर्गात पस्तीस-चाळीस पोरं आणि ती एकटी. त्यात मुकुल नावाचा एक मुलगा होता. तो टेबलावर चढायचा, ठोकळे फेकायचा, दुसऱ्याच्या हाताला चावायचा. त्यानं सुरुवात केली की मागचे चार उठायचे, मग दहा, मग सगळा वर्ग. कादंबरी टाळ्या वाजवायची, ओठावर बोट ठेवायची, "हँड्स ऑन हेड" म्हणायची. शेवटी रडायची. मुलांना तिचं रडणं फार आवडायचं.

एके दिवशी अशाच गोंधळात एका मुलीनं उलटी केली. कादंबरी दारात येऊन मावशीला हाका मारू लागली. विमलाबाई रजेवर होती. रंगूबाईनं जरा वेळ वाट पाहिली, कुणीच जात नाही म्हटल्यावर बादली-पोछा घेऊन ती निघाली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली.

वर्ग गप्प झाला. हळूहळू नाही, एका झटक्यात. मुकुल टेबलावर उभा होता. हातातला ठोकळा त्यानं खाली ठेवला, मग स्वतः उतरला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. रंगूबाईनं फरशी पुसली. पोछ्याचा आवाज तेवढा येत होता. तिनं मान वर केली की जिकडे ती बघेल तिकडची पोरं माना खाली घालत होती.

मंदाकिनी मॅडम मागून आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगूबाईला ऑफिसात बोलावलं आणि पहिल्यांदाच बसायला सांगितलं.

"हे बघा रंगूबाई, मुलांना हात लावायचा नाही. कायदा आहे. ओरडायचंसुद्धा नाही. टीचरनं बोलावलं की तुम्ही फक्त यायचं आणि उभं राहायचं. जमेल ना?"

"उभी ऱ्हायचा एवढंच?"

"एवढंच."

त्या संध्याकाळी तिनं विमलाबाईला सांगितलं, "गो बाय, एवढी वर्सं हे तोंड घेऊन फिरतंय. आज पयल्यांदा कामाला आलं." सांगताना ती हसत होती. विमलाबाईला कळेना की आपणही हसावं की काय करावं.

शाळेत बाकीच्या सगळ्या बायका मावशी होत्या. रंगूबाईला कुणी मावशी म्हणायचं नाही, ते मॅडमनीच ठरवलं. मावशी म्हटलं की धाक जातो. "रंगूबाईला बोलवू का?" एवढं वाक्य पुरायचं. नर्सरीची पोरं अजून नीट बोलत नव्हती, पण हे नाव त्यांना कळायचं. ते घराघरांत पोचलं. दूध पीत नाही, रंगूबाई. झोपत नाही, रंगूबाई. स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवर एक बाई आपल्या रडणाऱ्या पोराला म्हणाली, "ती बघ, तुझी रंगूबाई आली," तेव्हा खरोखरच रंगूबाई भाजीची पिशवी घेऊन मागे उभी होती. पोर तिला बघून आईच्या खांद्यात घुसलं. आई ओशाळली नाही. "थँक्यू हं," म्हणाली आणि रिक्षात बसली.

नुसतं उभं राहणं काही महिन्यांत पुरेना. पोरं कशालाही सरावतात. मुकुल तर तिच्यासमोर डोळे मिटून उभा राहायला शिकला. बघितलंच नाही तर भीती कसली. मग जिन्याखालची खोली आली. तिथं गॅदरिंगचं सामान असायचं. कागदी लगद्याचे वाघ-अस्वलाचे मुखवटे, मोडक्या खुर्च्या, जुने पडदे. खिडकी नव्हती. मॅडमनी सांगितलं, मुलाला आत उभं करायचं, दार लोटून बाहेरून कडी घालायची, आणि रंगूबाईनं बाहेर स्टुलावर बसायचं. दार लोटल्यावर काही बोलायचं नाही. मूल दाराच्या फटीशी आलं की त्याला ती दिसायची. पुढे ती दिसे, मागे वाघ.

मुकुल पहिला. त्यानं आधी लाथा मारल्या, मग शिव्या दिल्या, घरात ऐकलेल्या असतील त्या. मग आईला हाका मारल्या. मग त्याचा आवाज बसला. दार उघडलं तेव्हा त्याची चड्डी ओली होती आणि तो पडद्यात तोंड खुपसून उभा होता. रंगूबाईनं त्याला बाहेर घेतलं, कपडे बदलले, आणि कादंबरीनं त्याला म्हणायला लावलं, "सॉरी, रंगूबाई." पुढे तोच नियम झाला. बाहेर आलेल्या प्रत्येक मुलानं हात जोडून हे म्हणायचं.

मुकुल त्यानंतर कधी टेबलावर चढला नाही. तो वर्गात बोलेनासाही झाला. आठवड्याभरात त्याची आई पेढे घेऊन आली. "मॅडम, काय जादू केलीत हो? घरी एकदम शहाण्यासारखा वागतो. कोपऱ्यात बस म्हटलं की तासभर बसतो." मॅडम म्हणाल्या, "आपण मुलांवर शांतपणे काम करतो." एक पेढा मागे टाकीशेजारी पाठवला गेला. रंगूबाईनं तो खाल्ला. गोड होता, ती नंतर सांगायची, चांगल्या दुकानातला होता.

एकदा ठाण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या. ऑफिसातल्या खुर्च्या गोल मांडून त्यांनी सगळ्या शिक्षिकांना समजावलं. दंगा करणारं मूल काहीतरी मागत असतं, ते काय ते शोधा. त्याच्या उंचीला बसून बोला. आवाज चढवू नका, उतरवा. घाबरवून गप्प केलेलं मूल शांत नसतं, ते फक्त गप्प असतं. कादंबरीनं हे सगळं मनावर घेतलं. त्या वेळी तिच्या वर्गात सतत किंचाळणारी एक मुलगी होती. कादंबरी रोज तिच्याशेजारी जमिनीवर बसू लागली, चित्रांतून बोलू लागली. मुलगी हळूहळू उलगडायला लागली होती. तेवढ्यात मॅडम दारात आल्या.

"कादंबरी, तुमच्या वर्गाचा आवाज जिन्यापर्यंत येतोय. उद्या नवीन प्रवेशाचे पालक बघायला यायचे आहेत."

"मॅम, थोडा टाइम दिला ना, तर ही नक्की—"

"वेळ आपल्याकडे नाही. रंगूबाई आहे."

त्या तज्ज्ञ बाईंच्या भेटीतून शाळेला एकच गोष्ट मिळाली. जिन्याखालच्या खोलीच्या दारावर निळा कागद चिकटवला गेला, त्यावर ढग काढले गेले आणि सुंदर अक्षरात लिहिलं गेलं: शांत कोपरा.

रंगूबाईला या सगळ्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं असावं सुरुवातीला. पण तिला आता टाकीशेजारी बसावं लागत नव्हतं. पुढच्या दाराशी तिची खुर्ची होती. चहा कपात मिळायचा, बाकीच्या मावश्यांना स्टीलच्या पेल्यात. आयुष्यभर लोकांनी तोंड फिरवलं होतं, आता माणसं तिच्याकडे बघून थांबत होती, भले ती वीतभर उंचीची असोत. ती चालण्याआधी थोडं थांबायला शिकली. मान डावीकडून हळू वळवायला शिकली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी मात्र गोष्ट वेगळी होती. संदेशचं लग्न झालं होतं, तो ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छपाईच्या वर्कशॉपात जायचा. बायको अक्षदा. त्यांची मुलगी सान्वी. ही सान्वी रंगूबाईच्या हातांवर वाढली, कारण अक्षदाही एका दुकानात कामाला जायची. तान्ह्या मुलीला आजीचं तोंड असंच असतं, एवढंच ठाऊक. ती भाजलेल्या गालावर आपला गाल घासायची. तिथली कातडी गुळगुळीत, थंड लागते म्हणून उन्हाळ्यात खास त्याच बाजूला झोपायची. बोलायला लागल्यावर ती शेजारच्या एका म्हातारीला म्हणाली, "तुमचा गाल असा मऊ नाही." रंगूबाई हे वाक्य पाण्याच्या नळावर भेटेल त्याला सांगायची.

संदेश-अक्षदा तिच्या शाळेतल्या गोष्टी ऐकून हसायचे. रात्री जेवताना ती नकला करून दाखवायची. अमक्याचा पोरगा कसा थरथरला, तमकीची मुलगी कशी चटईखाली घुसली. अक्षदाच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. सान्वीही हसायची, कळायचं काही नाही तरी.

सान्वी चार वर्षांची झाली तेव्हा मॅडमनी तिला शाळेत घेतलं. "आपल्या माणसाची नात," असं म्हणाल्या. सान्वी कादंबरीच्या वर्गात गेली. पहिल्याच आठवड्यात वर्गात दोन मुलांची मारामारी लागली आणि कादंबरीनं सवयीनं हाक मारली, "रंगूबाई!"

रंगूबाई आली. दारात थांबली. मान वळवली. वर्ग थिजला.

"आजी!" सान्वी ओरडली, उठून पळत आली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. "ही माझी आजी! ती काही नाही करत. ती मला गोष्ट सांगते. आजी, यांना पण सांग ना!"

चाळीस पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक जण फिसकन हसला. एक मुलगी पुढे आली आणि रंगूबाईच्या लुगड्याला हात लावून पळाली. मग दुसरी. रंगूबाईनं नकळत नातीच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, "वाकडं तोंड!" आणि सगळा वर्ग हसला. "आजीचं वाकडं तोंड! आजीचं वाकडं तोंड!" त्यांनी त्याला चालसुद्धा लावली. सान्वीही हसत होती. सगळे हसतायत म्हणून तीही म्हणू लागली.

महिन्याभरात सगळी शाळा बिघडली. रंगूबाई आली की पोरं पळून जाण्याऐवजी गोळा व्हायची. नर्सरीतल्यांनाही कळलं की ती कुणाची तरी आजी आहे. रस्त्यावर एका मुलानं आईचा हात सोडून तिला वेडावून दाखवलं. रंगूबाई त्या दिवशी घरी आली. सान्वी जवळ आली तेव्हा म्हणाली, "सरक जरा. उकडतंय."

मॅडमनी तिला बोलावलं. या वेळी बसा म्हणाल्या नाहीत.

"रंगूबाई, वर्ग हाताबाहेर गेलेत. शिक्षिका तक्रारी करतायत. आणि याचं कारण तुमची नात आहे."

"ल्हान हाय ओ ती. तिला काय कळतंय?"

"बाकीचीही लहानच आहेत. त्यांच्या आयांनी आपल्यावर विश्वास टाकलाच ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एकदा सगळ्यांसमोर दिसलं पाहिजे की इथे कुणी आजी नाही. एकदाच. नाहीतर मग मला सांगा, तुमचं इथे काय काम उरलं? परत मागे टाकीपाशी बसणार का?"

रंगूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मॅडमना वाटलं ती रडेल. ती रडली नाही. "बरं," म्हणाली.

पुढच्या सोमवारी चित्रकलेच्या तासाला सान्वीनं रंगाचं पाणी सांडलं आणि त्यात हात बुडवून शेजारणीच्या फ्रॉकवर छापे मारले. दोघी खिदळत होत्या. चार वर्षांच्या मुलीनं करावं असंच ते होतं. कादंबरी दारापर्यंत गेली, थांबली, परत फिरली. मग मॅडम पॅसेजमध्ये उभ्या दिसल्या तशी तिनं हाक मारली.

रंगूबाई आली. सान्वीनं निळे हात पसरले. "आजी, बघ!"

रंगूबाईनं तिला दंडाला धरलं. बाकीच्या मुलांना हात लावायचा नियम नव्हता, पण इथं तक्रार करायला येणार कोण होतं? तिनं तिला सगळ्या वर्गासमोरून, बाकांच्या मधून, सावकाश नेलं. सान्वी पहिल्यांदा खेळ समजून उड्या मारत चालली. जिन्यापाशी आल्यावरही हसत होती. रंगूबाईनं दार उघडलं, तिला आत उभं केलं आणि दार लोटलं. वर्गाचं दार मॅडमनी उघडं ठेवायला लावलं होतं. सगळ्यांना ऐकू जात होतं.

"आजी, मी लपले! आता तू शोध!"

रंगूबाई स्टुलावर बसली.

"आजी? शोध ना." थोड्या वेळानं, "आजी, इथं अंधार आहे. उघड." मग दारावर छोट्या हातांचे फटके. "आजी! इथं वाघ आहे! आजी गं!"

वर्गात कुणी हलत नव्हतं. कादंबरी फळ्याकडे तोंड करून उभी होती, खडू हातात, लिहीत मात्र काही नव्हती. सान्वी फटीशी आली. तिला आजीचा गाल दिसला असेल, तीच बाजू. "आजी, उघड ना. मी परत नाही करणार. आजी, आजी, आजी—"

तेव्हा रंगूबाई बोलली. बोलायचा नियम नव्हता, आणि तिला कुणी बोलायला सांगितलंही नव्हतं.

"इथं कोन आजी नाही."

आत एकदम शांत झालं. रंगूबाईनं उठून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हातानं खूण केली, अजून थोडा वेळ. ती परत बसली.

दार उघडलं तेव्हा सान्वी मधोमध ताठ उभी होती. निळे हात तिनं पाठीमागे लपवले होते. ती रडत नव्हती. रंगूबाई खाली वाकली. "ये बाय," पुटपुटली, आणि तिला उचलायला हात पुढे केले. सान्वीनं दोन पावलं मागे घेतली, पाठीमागचे हात पुढे आणले, जोडले आणि म्हणाली, "सॉरी, रंगूबाई."

घरी गेल्यावरही ती तिला रंगूबाईच म्हणाली. पहिल्या दिवशी अक्षदाला ती गंमत वाटली. मग सान्वी अंथरूण ओलं करू लागली. एका खोलीचं घर, कोण कुठे जाणार? पोर मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची आणि आजी उठली की भिंतीकडे तोंड करायची. अक्षदानं शाळेत जाऊन कादंबरीला गाठलं. कादंबरीनं रडत रडत सगळं सांगितलं.

संदेश कामावरून आला तो उभ्यानंच बोलला. "आई, काय केलंस तू?"

"शाळेत सगळ्यांना करतंय तेच केलं."

"सख्खी नात आहे तुझी!"

"ती बाकीची काय झाडाला लागलेली? तेव्हा हसत होतास की बसून. परत परत सांगायला लावत होतास."

"तोंडासारखंच झालंय तुझं सगळं," तो म्हणाला. "बाबा तरी कसे राहिले तुझ्याबरोबर कोण जाणे."

रंगूबाईनं ताटं वाढली. कुणी जेवलं नाही. ती एकटी जेवली.

महिना संपायच्या आत त्यांनी वागळे इस्टेटजवळ खोली घेतली. सामान टेम्पोत चढवताना सान्वी अक्षदाच्या कडेवर होती, आईच्या मानेत तोंड लपवून. रंगूबाईनं तिची लाकडी गाडी टेम्पोत ठेवली आणि स्वतः घरात गेली, पोरीला तोंड वर करता यावं म्हणून. दाराआडून तिनं बघितलं. पोरीनं तोंड वर केलं, आजूबाजूला पाहिलं, आणि ती नाहीशी झाल्याची खात्री झाल्यावर शेजारच्या रिक्षावाल्यानं दारात बांधलेल्या बोकडाला हात हलवला.

शाळा मात्र सुधारली. इतकी शांतता तिथं पूर्वी कधी नव्हती. रंगूबाईनं आपल्या नातीलासुद्धा सोडलं नाही, ही गोष्ट पोरांनी पोरांना सांगितली, आणि सांगता सांगता तीत भर पडली. त्या मुलीला वाघानं खाल्लं, म्हणूनच ती आता शाळेत येत नाही. कादंबरीला कळलं तेव्हा तिनं ती खोटी आहे असं सांगितलं नाही. वर्ग चुळबुळायला लागला की ती आता फक्त सान्वीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवायची. ती चांगली शिक्षिका झाली असं सगळे म्हणायचे. वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात मॅडमनी रंगूबाईला साडी दिली, पण स्टेजवर नाही, ऑफिसात. स्टेजवर पालक होते, फोटो निघणार होते.

पावसाळ्यानंतर कधीतरी संध्याकाळी तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. संदेशचा. तो गेल्यापासून एकदाही बोलला नव्हता. रंगूबाईनं ओले हात पदराला पुसले, केस चापून बसवले, आणि विमलाबाईला हाक मारली, "अगो, माझ्या झिलाचा फोन! दाब, दाब, मना येत नाय!"

पडद्यावर अक्षदा आली. मागे नवीन खोली, पांढरी ट्यूबलाइट. मग सान्वी. केस कापले होते, चेहरा उतरला होता, गाल एका बाजूनं फुगलेला.

"बाय माझी!" रंगूबाई म्हणाली आणि हसली.

"आई, हसू नका हो," अक्षदा घाईघाईनं म्हणाली. "अर्धा तास घास तोंडात धरून बसलीये. गिळतच नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. जरा ओरडा ना तिला. तुमचंच ऐकते ती."

विमलाबाई शेजारीच उभी होती. पोर पडद्यावर डोळे मोठे करून बसली होती. अक्षदानं फोन आणखी जवळ नेला.

रंगूबाईनं मान हळूच डावीकडून वळवली. "गिळ," म्हणाली.

सान्वीनं गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी गिळलं. अक्षदानं दुसरा घास भरवला, तोही गेला. तिसरा. भात संपला तसं अक्षदा म्हणाली, "थँक्यू आई. ठेवते," आणि पडदा काळा झाला.

"का गो केलंस?" विमलाबाईनं विचारलं.

"नाय केलं तर लावतील का फोन?" रंगूबाई म्हणाली. "उंची वाढलीय, बघितलंस? पुढचा एक दात पडलाय."

आता तो फोन बहुतेक रोज संध्याकाळी येतो. रंगूबाई शाळेतून आली की भाजी नंतर करते. आधी दिव्याखाली पाट मांडून बसते, भाजलेली बाजू उजेडाकडे करून, आणि फोन मांडीवर ठेवून वाट बघते.